दोन घरचे पाहुणे: शिरगणतीतून सुटणारी माणसं

(धुळ्यात शिक्षक आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना पुनरुक्ती काढली आहे. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

माझ्या लहानपणी आमच्याकडची जुनी माणसं जनगणना म्हणत नसत. कुणी खानेसुमारी म्हणे, कुणी शिरगणती. काम एकच, पण शब्द दोन आणि त्यांचे अर्थही दोन. खाना म्हणजे घर. दवाखाना, कारखाना यांतला खाना तोच. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजदाद, शिरगणती म्हणजे डोक्यांची. घर मोजणं त्या मानाने सोपं आहे. घर जागचं हलत नाही, त्याच्या दारावर खडूने नंबर टाकता येतो. अवघड असतं ते घरापासून डोक्यांपर्यंत पोचणं. मी आज तेवढ्याच अंतराबद्दल बोलणार आहे. दार सापडलं, दारात माणूस उभा आहे, आपुलकीने बोलतो आहे, चहा विचारतो आहे, आणि तरीही आतली एक-दोन माणसं कागदावर येत नाहीत. असं का होतं, आणि प्रश्न कसा विचारला तर ती येतील?

१९९१ साली मी शहादा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि पहिल्यांदाच जनगणनेचा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन मोजणारा, म्हणून नेमला गेलो. ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस होते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. एका घरी ओट्यावर बसलो. घरधनी पन्नाशीचा. मी विचारलं, "घरात माणसं किती?" तो म्हणाला, "चार." मी चार ओळी भरल्या: तो, त्याची बायको, दोन मुलगे. मधेच एका तरुण बाईने तांब्या-पेला आणून ठेवला. मला वाटलं शेजारची असेल. मागच्या पडवीत झोळी टांगलेली होती आणि तिचा दोर हलत होता. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, पाणी प्यायलो आणि पुढच्या घरी गेलो.

१ ते ५ मार्च ही फेरतपासणीची फेरी असते. या दिवसांत पुन्हा घरोघर जाऊन मधल्या काळात कुणी जन्मलं का, कुणी वारलं का, ते विचारायचं. त्या वर्षी होळी नेमकी फेब्रुवारी संपता संपता आली होती. मी गेलो तेव्हा गावाबाहेर होळीची राख अजून तशीच होती. ओट्यावर तीच बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. विचारलं, ही कोण? घरधनी म्हणाला, "माझी पोर. सासर सोडून आली. वर्ष होईल आता." लेकरू पाच महिन्यांचं होतं.

मी त्याच्यावर चिडलो नाही, आणि चिडण्याचं कारणही नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. मी त्याला माणसं विचारली आणि त्याने माणसं सांगितली. लेक दिली की ती दुसऱ्या घरची, परत आली तरी त्याच्या मनाने ती पाहुणी. आणि झोळीतल्या लेकराला तर अजून कुणी माणूस म्हणत नव्हतं. ती दोन नावं मी त्या दिवशी पत्रकात चढवली. पण त्याआधी ज्या शंभरावर घरांत मी हाच प्रश्न विचारला होता, त्यांतल्या किती झोळ्या माझ्या नजरेतून सुटल्या, याचा हिशेब मला आजही लागलेला नाही. पुढे मी संख्याशास्त्र शिकलो, पाहण्यांच्या प्रश्नावल्या तयार करणं हेच माझं काम झालं. त्याचं मूळ त्या ओट्यावर आहे.

आता हा 'माणूस' शब्द जरा उलगडून पाहू. पुस्तकातल्या मराठीत माणूस म्हणजे बाई, बुवा, मूल, सगळे. बोलण्यात तसं नाही. "माझा माणूस बाहेरगावी गेला" असं बाई म्हणते तेव्हा ती नवऱ्याबद्दल बोलत असते. "शेतात चार माणसं आणि सहा बाया लावल्या" हे आपण रोज ऐकतो. म्हणजे 'माणसं किती' या प्रश्नात बाया धरायच्या की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. 'मुलं किती' याचंही तेच. "मला दोन मुलं" याचा अर्थ दोन अपत्यं, की दोन मुलगे? "दोन मुलं आणि एक मुलगी" असं आपण सहज बोलून जातो. अहिराणीत निदान हा घोळ कमी आहे. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. ज्या प्रगणकाला हे दोन शब्द वेगवेगळे विचारायची सवय आहे, त्याच्या पत्रकात मुली कमी सुटतात, हे मी पर्यवेक्षक असताना अनेकदा पाहिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण चर्चेत ती हमखास निघते. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. कुणी म्हणतं, मुली मोजल्याच गेल्या नसतील. असं म्हणून आपली सुटका होत नाही. त्या आकड्यामागचं मुख्य कारण गर्भात मुलगी नको असण्याचं आहे, पत्रकाचं नाही. पण जन्मलेली मुलगीसुद्धा 'मुलं किती'च्या उत्तरातून गळत असेल, तर तो तिच्यावर दुसरा अन्याय, आणि तेवढा थांबवणं आपल्या हातात आहे.

किती माणसं सुटतात? आपल्याकडे जनगणनेनंतर एक नमुना पाहणी होते. काही प्रगणन गट, म्हणजे एकेका प्रगणकाला नेमून दिलेले घरांचे भाग, निवडून पुन्हा स्वतंत्रपणे मोजतात आणि मूळ पत्रकांशी ताडून पाहतात. २०११ च्या पाहणीत सुटलेल्यांतून दुबार मोजलेले वजा केल्यावर दर हजारी २३ माणसं मोजणीबाहेर राहिल्याचं दिसलं. शहरांत सुटण्याचं प्रमाण खेड्यांहून जास्त आणि लहान मुलांचं मोठ्यांहून जास्त. हा दर जिल्हावार काढलेला नसतो, त्यामुळे तो थेट खान्देशाला लावता येत नाही. तरी आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. २०११ मध्ये जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून ७९ लाख २९ हजारांच्या आसपास लोक मोजले गेले. त्यांच्या हजारी २३ म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या वर. एवढ्या लोकांचं धान्य, अंगणवाडी, शाळेची खोली, मतदारसंघाची आखणी हे सगळं त्यांच्याविना ठरत जातं, आणि दहा वर्षं तसंच चालतं. या वेळी तर सोळा वर्षं झाली. २०२१ ची गणना झालीच नाही, पुढची १ मार्च २०२७ या तारखेची आहे.

आता कुटुंब म्हणजे काय ते पाहू. जनगणनेची व्याख्या जुनी आणि मला फार आवडणारी आहे: जी माणसं सहसा एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचं जेवतात ती एक कुटुंब. रक्ताचं नातं त्यात लागत नाही, दार किती आहेत तेही लागत नाही. धाब्याच्या एका घरात तीन भाऊ, तीन चुली, तर तीन कुटुंबं. व्याख्या चांगली आहे, पण ती प्रगणकाच्या पुस्तिकेत असते. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात कुटुंब म्हणजे भाऊबंद, किंवा सातबाऱ्यावरची नावं, किंवा रेशनकार्ड.

व्याख्येपासून माणसापर्यंत जाताना सगळ्यात जास्त कोण हरवतं म्हणाल, तर म्हातारी आई. शेत वाटलं गेलं, भांडी वाटली गेली, आणि आईचीही पाळी लागली. महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे. प्रगणक थोरल्याकडे येतो तेव्हा आई धाकट्याच्या ओट्यावर वाटाणे सोलत बसलेली असते. थोरला म्हणतो, आई तिकडे आहे. तीन दिवसांनी धाकट्याकडे विचारणा होते तेव्हा पाळी बदललेली असते, किंवा नसते, पण धाकट्याच्या मनात पक्कं असतं की आईचं नाव दादाकडे लागतं, रेशनकार्ड दादाचं आहे. दोघंही आईवर माया करणारे, दोघंही खरं बोलणारे, आणि म्हातारी दोन्ही कागदांवर नाही. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण जेवणावळीसाठी वापरतो. शिरगणतीला ती शब्दशः लागू पडते. हे टाळायला "तुमच्या आई-वडिलांपैकी कुणी हयात आहे का? आज रात्री ते कुठे झोपतील?" असा सरळ प्रश्न पत्रकात हवा. 'इतर सदस्य' या रकान्याने आई आठवत नाही.

रेशनकार्डाबद्दल थोडं. प्रगणकाला पाहिलं की घरची बाई आत जाते आणि कार्ड घेऊन येते. प्रगणकाला बरं वाटतं: नावं नीट लिहिलेली, वयं तयार. पण कार्डावर जी मुलगी चार वर्षांपूर्वी सासरी गेली ती अजून असते, जी सून आली ती नसते, दोन नातवंडं तर नसतातच. मी प्रशिक्षणात प्रगणकांना एकच विनंती करायचो: कार्ड हातात घ्या, मान द्या, आणि उलटं ठेवून द्या. नावांचं स्पेलिंग नंतर तपासायला ते वापरा. एकदा एका प्रशिक्षणात वरच्या एका अधिकाऱ्याने मला सगळ्यांसमोर थांबवलं. म्हणाले, कार्डावरून उतरवलं तर दिवसाला दुप्पट घरं होतात. मला त्याचं आजही वाईट वाटतं. घरं दुप्पट होतात हे खरं होतं, म्हणूनच वाईट वाटतं.

आता येतो खान्देशाच्या खऱ्या दुखण्याकडे. मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपली निम्मी गावं घरी असतात का? नवापूर, नंदुरबार, तळोदा, साक्री या भागांतल्या टोळ्या दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या बाजूला त्यांचे पडाव पडतात. चाळीसगावकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुलं कधी बरोबर, कधी आजीकडे. शिंदखेडा, पारोळ्याची तरणी पोरं सुरतेत उधना-लिंबायतच्या खोल्यांत, एका खोलीत आठ-दहा, दिवसपाळी आणि रातपाळी एकाच वळकटीवर झोपणारी.

नियम काय सांगतो? २०११ च्या सूचना मी जशा शिकवल्या तशा सांगतो. जो एरवी या घरात राहतो आणि मोजणीच्या वीस दिवसांत थोडा काळ तरी इथे राहिला, किंवा २८ फेब्रुवारीपर्यंत परतणार आहे, तो इथे मोजायचा. आणि जो संपूर्ण वीस दिवस आपल्या घराबाहेर असेल, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे पडावावरचा तोडणीवाला पडावावर मोजला गेला पाहिजे, तिथल्या प्रगणकाने.

लोकांच्या मनातला नियम नेमका उलटा आहे. माणूस आपल्या गावचा, त्याचं नाव गावातच लागणार. पडावावर प्रगणक पोचलाच तर मुकादम म्हणतो, ही परगावची माणसं, यांचं नाव गावाला आहे. गावातल्या आजीला विचारलं तर ती म्हणते, ती तर बारडोलीले शेतस, कशी लिहिणार? प्रगणक नियमाप्रमाणे लिहीत नाही, आणि नियमाप्रमाणे त्याचं बरोबरही असतं. पडावावर कोणी विचारलं की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. गावातल्या पत्रकात 'बाहेर गेलेल्यांची नावं, कुठे, कोणाच्या टोळीत' अशी चार ओळींची जागा असती, मोजायला नव्हे, फक्त ताडून पाहायला, तर दोन्ही टोकं जुळली असती. आता मोजणी मोबाइलवर होणार आहे. एका जिल्ह्यात नोंदलेलं नाव दुसऱ्या राज्यातल्या नोंदीशी मिळवून पाहणं २०११ मध्ये शक्य नव्हतं, आज आहे. माझी मागणी एवढीच आहे की ते करायचं आधी ठरवा आणि त्यासाठी रकाना आधी ठेवा.

बाळंतपणाचंही असंच. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात गेलेली सून बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर येते. नियमाने ती आणि बाळ माहेरच्या पत्रकात हवीत. माहेरचे म्हणतात, ती आता तिकडची. सासरचे म्हणतात, ती सध्या तिकडे आहे. दोन्ही वाक्यांत 'तिकडे' आहे, आणि दोघांची बोटं एकमेकांकडे. लहान मुलं जास्त का सुटतात याचं खान्देशातलं एक मोठं कारण मला हे वाटतं. बाळ एकटं सुटत नाही, आईसकट सुटतं.

आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, चोपड्याच्या मळ्यांत जी पावरा, भिल्ल कुटुंबं वर्षभर राहतात, त्यांचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं, आखाजीला संपतं. त्यांची झोपडी विहिरीजवळ, शेताच्या मधोमध. घरयादी करणारा गावठाणातून फिरतो. मालकाला विचारलं, "शेतात कोणी राहतं का?" मालक म्हणतो, "कोणी नाही, सालदार असतो." या वाक्यात काही खोट आहे असं मालकाला वाटतही नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा नसतो. "तुमच्या शेतात रात्री चूल पेटते का?" असा विचारायचा. चूल पेटते म्हटलं की पुढचं सगळं आपोआप येतं: कोण, किती, पोरं शाळेत जातात का.

इथे मला जगातल्या दोन पत्रकांची गोष्ट सांगायची आहे, फक्त क्रमासाठी. अमेरिकेच्या २०२० च्या पत्रकात पहिला प्रश्न होता, १ एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती? दुसरा, यात धरले नाहीत असे आणखी कोणी होते का? आणि पुढे चौकटी: नवजात बाळं, नातवंडं, पोटच्या नसलेल्या पण सांभाळलेल्या मुलांसह लहान मुलं, मोठी झालेली मुलं, चुलत-मावस भावंडं, सासरची माणसं, खोलीभागीदार, तात्पुरते राहणारे. हा दुसरा प्रश्न मुद्दाम सुटलेल्यांसाठीच आहे. तरीही त्याच गणनेत पाच वर्षांखालची सुमारे साडेपाच टक्के मुलं सुटली, असं त्यांच्याच खात्याच्या विश्लेषणातून निघालं. इंग्लंडच्या २०११ च्या पत्रकाचा क्रम वेगळा होता. आधी कोणकोण प्रकारची माणसं इथे राहतात त्यावर खुणा करायच्या, त्यात 'मुलं आणि बाळं' असं स्वच्छ लिहिलेलं, बाहेर शिकणारी मुलं वेगळी, बाहेर कामाला असलेली वेगळी. मग एकूण किती, ते लिहायचं. मग नावं.

दोन देशांच्या निकालांची तुलना या एका फरकावरून करता येत नाही, तसं मी म्हणतही नाही. पण ओट्यावर बसून माझा जो अनुभव आहे तो सांगतो. माणसाने एकदा 'चार' म्हटलं की तो त्या चारला धरून राहतो. नंतर तुम्ही कितीही गोड बोलून विचारा, आणखी कोणी आहे का, तो मान हलवून नाही म्हणतो. पाचवा आठवला तरी सांगायला संकोचतो, कारण आपण आधी चुकीचं बोललो असं दिसेल. म्हणून आकडा शेवटी विचारावा. तो प्रगणकाने स्वतः मोजून वाचून दाखवावा: "हे झाले सात, बरोबर ना?"

आधी काय विचारायचं? मी धुळे-नंदुरबारच्या पाहण्यांत जे वापरलं ते सांगतो. शक्य असेल तिथे प्रश्न घरातल्या बाईला विचारायचा, स्वयंपाक करणाऱ्या बाईला. "आज सकाळी किती जणांच्या भाकरी टाकल्या?" हा प्रश्न कुणाला चौकशीसारखा वाटत नाही आणि तिला उत्तर पाठ असतं. मग नावं: त्या भाकरी कोणी कोणी खाल्ल्या? मग "रातले आठे कोन कोन जपस?", म्हणजे रात्री इथे कोण कोण झोपतं? इथे जेवणारा पण शेतात राखणीला झोपणारा या दोन प्रश्नांत मिळून येतो, आणि इथे झोपणारा पण मेसमध्ये जेवणारा भाचाही येतो. मग लहानांपासून सुरुवात: अंगावर पिणारं कोणी आहे का? झोळीत, पाळण्यात? त्यानंतर शाळेत जाणारी, आश्रमशाळेत राहणारी. आश्रमशाळेतली मुलं तिथेच संस्थेच्या पत्रकात मोजली जातात, म्हणून ती घरात लिहायची नसतात, पण नाव घेतल्याशिवाय ती वगळायची की नाही हे ठरवता येत नाही. मग माहेरी आलेली, सासरहून परतलेली. मग आई-वडील. मग जो घराबाहेर फारसा निघत नाही असा कोणी: अंथरुणाला खिळलेला, मनाने आजारी. हे शेवटचं विचारताना आवाज खाली आणावा लागतो. दार अर्धं लावलेल्या खोलीकडे नजर न टाकता विचारावं लागतं.

लहानांपासून सुरुवात का, ते सांगतो. कागदावर कुटुंबप्रमुख पहिला असतो आणि मग उतरत्या मानाने सगळे. तान्हं बाळ शेवटच्या ओळीत. ओळी संपल्या की तेच बाहेर. अमेरिकेच्या २०१० च्या छापील पत्रकात सहाच जणांची पूर्ण माहिती भरायला जागा होती, पुढच्यांसाठी त्रोटक रकाने. आपल्या एका चुलीवर अकरा जण जेवतात अशी घरं मी अमळनेर तालुक्यात आजही पाहतो. पुरवणी पत्रक काढायचा प्रगणकाला कंटाळा येतो, तेही संध्याकाळी सात वाजता. मोबाइलवर ओळी संपत नाहीत, हा फायदा मोठा आहे. पण कंटाळा मोबाइलवरही येतो. प्रत्येक नव्या माणसासाठी तेच सगळे प्रश्न पुन्हा भरावे लागणार हे कळलं की उत्तर देणाराही माणसं आवरती घेतो. म्हणून आधी सगळ्यांची फक्त नावं एका दमात घ्यावीत, आणि मगच एकेकाची माहिती सुरू करावी.

ताळा पाहायची सोय पत्रकातच असते, ती कोणी वापरत नाही. २०११ च्या पत्रकात विवाहित बाईला विचारलं होतं, गेल्या वर्षभरात किती मुलं जन्मली? उत्तर 'एक' आहे आणि घराच्या यादीत वर्षाखालचं कोणी नाही, तर तिथे थांबून विचारलं पाहिजे. कदाचित बाळ दगावलं असेल, आणि प्रश्न फार हळुवार विचारावा लागेल. पण अनेकदा ते मागच्या पडवीत झोपलेलं असतं.

नावाबद्दल कायद्यात एक सुंदर तरतूद आहे, फार थोड्यांना माहीत आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या आठव्या कलमात म्हटलंय की विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक आहे, पण घरातल्या बाईचं नाव सांगण्याची सक्ती कुणावर नाही, आणि नवऱ्याचं किंवा रूढीने जे नाव घेता येत नाही ते सांगण्याची सक्ती बाईवर नाही. नाव सांगितलं नाही म्हणून माणूस गाळायचा नाही, हा त्याचा खरा अर्थ. नाव नसलेल्या बाळालाही तेच लागू. बारसं व्हायचं आहे म्हणून ओळ रिकामी ठेवायची नाही. 'बाळ' लिहा, आईचं नाव जोडा, पुढे चला. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमाने ही माहिती कुणाला पाहायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. ज्या घरात सोळा वर्षांची सून आहे त्या घरात हे वाक्य आधी सांगितलं पाहिजे. नाही तर ती माहेरी 'गेली' असते आणि सासरी 'अजून आलीच नाही'.

या वेळी स्वगणनेचीही सोय आहे. घरातला शिकलेला मुलगा मोबाइलवर सगळ्यांची माहिती भरेल. सोय चांगली. पण तिथे भाकरी विचारणारा, झोळीकडे पाहणारा कोणी नसेल. प्रगणकाच्या जिभेवर जे राहतं ते सगळं पडद्यावरच्या शब्दांतच असावं लागेल, आणि ते शब्द मुंबई-दिल्लीत बसून नव्हे, धडगावात, पाचोऱ्यात लोकांना वाचून दाखवून, "तुम्हाला यातून काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं म्हणवून तपासलेले असावेत. मी केलेल्या अशा एका चाचणीत 'सामान्यतः राहणारे' याचा अर्थ एका आजोबांनी 'साधी राहणी असलेले' असा लावला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

व्याख्यानानंतर धडगावच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं: "सर, आमची माणसं होळीला येतातच. काठी गावची होळी, आपापल्या पाड्याची होळी कोणी चुकवत नाही. मग ती सुटतात कशी?"

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. मी सुरुवातीला सांगितलं की १९९१ ला होळी फेब्रुवारीच्या शेवटी आली होती. त्या वर्षी माणसं मोजणीच्या वीस दिवसांतच घरी पोचली, आणि नियमाने ती आपल्या पाड्यातच मोजता आली. २०११ ला होळी १९ मार्चच्या सुमारास होती. मोजणी संपून दोन-अडीच आठवडे झाले होते. २०२७ ला ती मार्चच्या उत्तरार्धात आहे, म्हणजे पुन्हा तसंच. तुमच्या पाड्यातली माणसं त्या वीस दिवसांत पडावावर असतील आणि तिथेच मोजली जायला हवीत. म्हणून जानेवारीतच आजी-आजोबांकडून मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव आणि पडावाचं गाव लिहून घ्या. मुकादमाला फोन करा. होळीला ती परत येतील तेव्हा प्रत्येकाला विचारा, तिकडे कोणी तुमचं नाव लिहिलं का. ज्याचं कुठेच लिहिलं गेलं नाही त्याचं नाव, पाडा आणि पडाव असं तीन रकान्यांत लिहून ती वही मला पाठवा, आणि एक प्रत तुमच्या पर्यवेक्षकांना द्या.